बिबट मारला तर बक्षिसाचा अर्ज कुठं भरायचा?

झाडीपट्टीकर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.४०

मी चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या बफरला (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याला) लागून असलेल्या गावात ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, दिवसभर हेच. गेल्या आठवडाभरात तीन माणसं तीन वेगळ्या दिवशी आली आणि तिघांनी एकच विचारलं, "बिबट मारला तर सरकार बक्षीस देते म्हणते, तो फार्म तुमच्याकडं भरता येते का?"

तिघांच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ. अमेरिकेतला माणूस टेबलावर कातडी मांडतो, समोरचा सरकारी माणूस मोजतो आणि पैसे लिहून देतो. वरून कुणीतरी मराठी आवाज चढवलाय आणि शेवटी ठोकून दिलंय की आपल्याकडंही योजना सुरू झाली.

व्हिडिओत दिसतं ते तिकडं खरंच आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात कायोटी नावाचा प्राणी आहे, कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान. तिथं २०१२ पासून एका कायोटीमागं ५० डॉलर मिळतात. आधी नाव नोंदवायचं, मग दोन्ही कानांसकट डोक्याचं कातडं आणि खालचा जबडा नेऊन द्यायचा. पण तो कायदा त्यांचा आणि प्राणीही त्यांचा. आपल्याकडं असा अर्ज नाही, योजना नाही, काही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. वाघ, बिबट, लांडगा हे पहिल्या अनुसूचीत येतात. मारला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि दंड किमान २५,०००. ज्याच्या मोबाइलवर तो व्हिडिओ असेल त्याला आजच फोन करून सांगा. एखादा पोरगा मेलेल्या बकरीवर थायमेटचं विष टाकून बसेल आणि मग फोटो काढून बक्षीस मागायला स्वतःच्या पायानं वन विभागाच्या रेंज ऑफिसात जाईल, ही भीती मला खरोखर वाटते.

पण आज आलेल्या तिसऱ्या माणसाला मी "असं काही नसते" एवढंच सांगून पाठवू शकलो नाही. त्याच्या दोन बकऱ्या आदल्या रात्री गेल्या होत्या. कोठ्याचा कूड वाकवून बिबट आत शिरला. एक नेली, दुसरी जागीच टाकली. त्यानं खिशातून बकरीच्या गळ्यातली दोरी काढून काउंटरवर ठेवली, जणू तीच जोडपत्र म्हणून लावायची होती.

माझी स्वतःची गाय तीन वर्षांपूर्वी वाघानं मारली. बाजारातून ३२,००० ला आणलेली, दुसऱ्या वेताची. सापडली ती बांबूच्या रांजीत, मागचा भाग खाल्लेला, गळ्यातली घंटी तशीच. पंचनाम्यासाठी शव हलवायचं नाही म्हणून दोन दिवस बापलेक आळीपाळीनं तिथं बसलो. गिधाडं आता राहिली नाहीत, पण कुत्री येतात. किंमत धरली २०,०००. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १५,००० हाती आले सात महिन्यांनी. तोवर घरात दूध विकत आणलं.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडं पूर्वी बक्षीस होतं असं म्हातारे सांगतात, ते कसं होतं? आणि आज माणूस काउंटरवर दोरी ठेवतो तेव्हा त्याला नेमकं काय भरून द्यायचं?

कचेरीतला · सोमवार, रात्री १०.५५

होतं. मी महसुलात ३१ वर्षं काढली, माझे वडीलही तहसील कचेरीतच होते. इंग्रजांच्या काळात वाघ, बिबट, लांडगा, साप, सगळ्यांवर इनाम लावलं होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून जो हिशेब मांडला तो डोळ्यांसमोर ठेवा. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ८०,००० च्या वर वाघ, दीड लाखाच्या वर बिबटे आणि २ लाख लांडगे इनामासाठी मारले गेले. आणि हे फक्त नोंदीतले. गोळी खाऊन रानात जाऊन मेलेले त्यात कुठून येणार?

कोळसुनांवर, म्हणजे रानकुत्र्यांवर, तर स्वातंत्र्यानंतरही इनाम चालू होतं. ते थांबलं १९७२ च्या कायद्यानं.

वडील सांगायचे, कातडं आलं की आधी त्याचे कान छाटायचे. नाहीतर तेच कातडं पुढच्या तालुक्यात दुसऱ्यांदा दाखवलं जायचं. कोल्ह्याच्या पिलाचं कातडं लांडग्याचं म्हणून खपवायचे प्रकार तर देशभर झाले. ज्या वस्तूला सरकार रोख मोजतं, ती वस्तू लोक कुठूनही पैदा करतात.

पण वडिलांची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. इनाम न्यायला येणारे चेहरे ठरलेले असत. बंदूकवाले, शिकारीवर पोट असलेले. ज्याचा बैल गेला तो कुणबी त्या रांगेत कधी दिसला नाही. त्याच्यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नव्हता. आणि आणलेला बिबट त्याचा बैल खाणाराच होता का, हे कुणी विचारत नव्हतं. जो टप्प्यात आला तो मारला.

पऱ्हाटीवाला · मंगळवार, सकाळी ७.१०

काका, तुमचं सगळं खरं असन. पण तुमी कचेरीत होते, मी पांढरकवड्याच्या बाजूले राह्यतो. आमी दोन वर्षं काय भोगलं ते कागदावर नाई येत. पऱ्हाटीतला कापूस वेचाले बाया जायेनात. दुपारी चार वाजता गाव बंद. १३ माणसं गेली, अवनी म्हनत त्या वाघिणीच्या नावावर होती. २०१८ च्या नोव्हेंबरात बोराटीजवळ ती मेली तवा आमच्या घरी बायकोनं दिवा लावला. कोणी नावं ठेवो.

ज्यानं मारली त्याले सरकारनं बक्षीस द्याले पायजे होतं असं मले आजही वाटते. एक जनावर जवा पूर्ण गाव बसवून ठेवते, तवा जो जीव मुठीत धरून जाते त्याचा मान झालाच पायजे. तुमी म्हणता कायदा. कायदा वाघाले हाय, आमच्या बैलाले नाई काय?

झाडीपट्टीकर · मंगळवार, सकाळी ८.३०

दादा, दिवा लावला याबद्दल इथं कुणी एक शब्द बोलणार नाही. आमच्याकडंही मोहफूल वेचायला गेलेली माणसं परत आली नाहीत. ते घर मी पाहिलंय.

फक्त त्या प्रकरणातली एक गोष्ट इथं नोंदवून ठेवतो, कारण आपला विषयच बक्षिसाचा आहे. वाघीण मारण्याच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये स्थगिती दिली नाही, पण मारणाऱ्याला बक्षीस देऊ नये असं बजावलं होतं. पुढं गावकऱ्यांनी सत्कार करून वाघिणीची चांदीची मूर्ती दिली, तर त्यावरून २०२१ मध्ये अवमान याचिका गेली. सत्कार गावकऱ्यांनी केला, अधिकाऱ्यांचा त्यात हात नव्हता, हे समोर आल्यावर ती मागं घेतली गेली. म्हणजे माणसं मारणारं जनावर असलं तरी मारण्याला किंमत लावायची नाही, हे न्यायालयानं त्या वेळीही पाळलं.

आणि बैलाबद्दल विचारलंत म्हणून. कलम ११ प्रमाणं पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. तीही तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा बरा न होण्यासारखा जखमी, आजारी असेल तरच, आणि पकडणं, बेशुद्ध करणं जमत नसेल तर. नुसती ढोरं मारली म्हणून वाघ-बिबट मारायचा आदेश निघत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना हातून मेला तर तो गुन्हा नाही, हे मात्र त्याच कलमात आहे. कुऱ्हाड घेऊन बिबट्याच्या अंगावर गेलेल्या बाईला कुणी तुरुंगात टाकत नाही.

मोहफूल · मंगळवार, दुपारी २.१५

मी बचत गटाची अध्यक्ष आहे, गोंदियाकडची. तुमच्या बोलण्यात सगळी ढोरं आणि बैल आहेत, म्हणून लिहिते. बकऱ्या बायकांच्या असतात. आमच्या गटातल्या एकीनं कर्ज काढून पाच बकऱ्या घेतल्या. एका रात्री तीन गेल्या. गटाचा हप्ता मात्र १० तारखेला येतोच, बिबट आला म्हणून बँक थांबत नाही.

तिच्या नवऱ्यानं सांगितलं, राहू दे, बकरीचं काय मिळणार. मीच तिला घेऊन गेले. मेंढी-बकरीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० यांतलं जे कमी असेल ते मिळतं. गाय, म्हैस, बैलाला ७५ टक्के किंवा ७०,००० यांतलं कमी. आकडे वाईट नाहीत. अडचण बाजारभाव कोण किती लिहितो यात आहे. गाभण बकरीला आणि पाटीला, म्हणजे अजून न व्यालेल्या बकरीला, एकच भाव लावला होता. मी म्हटलं, साहेब, ही दीड महिन्यात विणार होती, तुम्हीच पोट पाहिलंत. त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. बोललो नसतो तर राहिलंच होतं.

बक्षिसाचं म्हणाल तर आमच्यातली एकही बाई बंदूक घेऊन जाणार नाही. ते पैसे तिच्या घरी कधीच आले नसते.

मेंढरामागं · मंगळवार, रात्री ९.०५

आम्ही धनगर. दिवाळीनंतर वाशीम, अकोल्याकडच्या रानात मेंढरं बसवतो. आमचा पाहुणा वाघ नाही, लांडगा. रात्री वाघर (कळपाभोवतीची जाळी) लावलेली असते, कुत्री चार बाजूला असतात, तरी पहाटेच्या गारव्यात डोळा लागला की एखादं कोकरू उचलतोच. माझ्या आज्यानं लांडगा कधी मारला नाही. तो म्हणायचा, त्याचा वाटा त्याला जातो. मी काही इतका मोठ्या मनाचा नाही, मला राग येतो. पण ज्या माळावर लांडगा संपला तिथं भटक्या कुत्र्यांच्या झुंडी आल्या, आणि त्या एकावर भागवत नाहीत. एका रात्रीत ११ मेंढरं फाडून टाकली होती आमची. खाल्लं एकही नाही. भटक्या कुत्र्यांनी मारलं तर वन विभाग भरपाई देत नाही, कारण ते वन्यप्राणी नाहीत.

आमची खरी अडचण वेगळी आहे. कोकरू जातं एका शिवारात. कळवायचं तिथल्या गार्डला. तो येईपर्यंत कळप पुढच्या गावाला गेलेला असतो, कारण ज्याच्या वावरात बसलो त्यानं दोनच रात्रींचं खत सांगितलेलं असतं. मागं एकाला शवापाशी ठेवावं तर कळपामागं माणूस कमी पडतो. बँकेचं खातं गावाकडं, तालुका वेगळा. म्हणून आमच्यातले शंभरातले नव्वद अर्जच करत नाहीत. मग साहेब लोक म्हणतात, या भागात लांडग्याचा त्रास नाही, तक्रारच नाही.

शाळामास्तर · मंगळवार, रात्री ११.२०

मेंढरांचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, वर्गात दरवर्षी सांगतो तेच. ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचं बेट आहे. तिथं पाठीवर पट्टे असलेला, कुत्र्यासारखा दिसणारा आणि कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेला एक प्राणी होता, लोक त्याला टास्मानियाचा वाघ म्हणत. मेंढ्या खातो म्हणून सरकारनं १८८८ पासून १९०९ पर्यंत मोठ्या जनावराला एक पौंड, पिलाला दहा शिलिंग असं बक्षीस दिलं. २,१८४ बक्षिसं वाटली. शेवटचा प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. मेंढ्या मरण्यात मोकाट कुत्री, चोरी आणि कळपांची हेळसांड यांचाच वाटा मोठा होता, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.

वर धनगर भाऊंनी कुत्र्यांचं लिहिलंय ते वाचून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

बीटवाला · बुधवार, पहाटे ५.५०

ड्यूटीवर निघण्याआधी लिहितोय. मी वनरक्षक आहे, कुठला ते सांगत नाही. आमच्यावर राग आहे तो वाजवी आहे. एका बीटमध्ये, म्हणजे जंगलाच्या एका भागात, एक माणूस, त्यात आग, तेंदू, पर्यटन, गस्त. एका दिवशी तीन ठिकाणी ढोरं पडली तर तिसऱ्याकडं मी दुसऱ्या दिवशीच पोहोचतो. हे कारण सांगून तुमची गाय परत येत नाही, मला कळतं.

धागाकर्त्यानं दुसरं जे विचारलं त्याचं उत्तर देतो.

घटना कळली की ४८ तासांच्या आत कळवा, आणि फोनवर विसंबू नका. फोन मी घेतला हे उद्या सिद्ध होत नाही. साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. शव हलवू नका, पण उघडंही टाकू नका, काट्या लावून झाका. फोटो काढताना आधी लांबून, आजूबाजूचं झाड-धुरा दिसेल असा, मग मानेवरच्या दातांच्या खुणांचा, मग पगमार्कचा, म्हणजे पंजाच्या ठशाचा, शेजारी काडेपेटी ठेवून. वाघ बहुतेक मागच्या बाजूनं खायला सुरुवात करतो, बिबट पोटाकडून. पंचनाम्यात हे लागतं, म्हणून कुत्री शवाला लागायच्या आत फोटो घ्या. कानातला बिल्ला असेल तर त्याचा नंबर टिपा. बाजारात घेतलेल्या जनावराची पावती असेल तर ती जोडा, किंमत ठरताना तीच कामी येते. जनावरांचे डॉक्टर किंमत लिहितात तेव्हा मालकानं तिथं हजर असावं. मोहफूलताईंनी केलं तेच बरोबर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. शवावर काहीही टाकू नका. ढोर मारलं त्या जागेच्या आसपास पुढच्या काही दिवसांत वन्यप्राणी मेलेला सापडला तर तुमची भरपाई तर अडकतेच, वर गुन्हा. मी अशा एका ठिकाणी गेलो आहे. वाघीण नाल्यात पाण्याकडं तोंड करून पडलेली होती, विष प्यायलेल्याला तहान लागते. तिथून ४० पावलांवर मालकाची गाय. तो माणूस वाईट नव्हता. त्याचा भरपाईचा आधीचा अर्ज वर्षभर पडून होता.

बक्षीस लावलं तर रान वाघ-बिबटांपासून मोकळं होईल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक सांगतो. एका जागेचा नर गेला की ती जागा रिकामी राहत नाही. आईपासून तुटलेले दोन-अडीच वर्षांचे वाघ जागा शोधत फिरतच असतात, आणि नवख्याला रान माहीत नसतं, तो आधी गावाकडचं ढोर पकडतो. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. त्यातले बरेच आपल्याच भागात. जुना, ओळखीचा वाघ मारून तुम्ही अनोळखी दोन बोलावता.

पऱ्हाटीवाला · बुधवार, दुपारी १.३०

बीटवाले भाऊ, तुमचं शेवटचं वाचून गप झालो. माह्या चुलतभावाचा अर्जही असाच पडून हाय, चौदा महिने. त्याच्या डोक्यात काय चालते मले माहीत हाय. आज रातच्याले त्याच्याकडं जातो.

पण माह्यं म्हननं मी सोडत नाई. माणूस खानाऱ्या जनावराचा निकाल लवकर लागाले पायजे. तेरा होयेस्तोवर थांबाचं कामच नोयतं. ढोरापुरतं बोलाल तर ठीक, बक्षीस नको. पण मंग कचेरीतल्या काकांनी सांगतलं तसं करा. तवा कातडं टेबलावर टाकलं का इनाम निघे. सरकारच्या हाताले ती सवय होती ना? तर आज माह्या बैलाचं खूर दाखोतो, इतक्याच लवकर द्या. मी त्यापेक्षा जास्त काई मागत नाई.

कचेरीतला · बुधवार, दुपारी ४.००

पऱ्हाटीवाले, हे वाक्य मी लिहून घेतलं आहे. ग्रामसभेच्या ठरावात घालण्यासारखं आहे. मसुदा मी करून देतो. तीन मागण्या पुरे. पोच लेखी मिळावी, किंमत मालकासमोर लिहावी, आणि किती दिवसांत पैसे ते पोचपावतीवरच छापावं. धनगर भाऊंसाठी चौथी: जिथं घटना तिथंच अर्ज घ्यावा, खातं कोणत्याही तालुक्यातलं चालावं. आपापल्या ग्रामपंचायतीत २६ जानेवारीच्या सभेत मांडा. एका गावाचा ठराव फाइलीत जातो, पन्नास गावांचे आले तर कुणाला तरी वाचावे लागतात.

मेंढरामागं · बुधवार, रात्री ८.४५

२६ जानेवारीला आम्ही कोणत्या गावात असू ते सांगता येत नाही. पण जिथं असू तिथल्या सभेत उभा राहतो. बोलू देतील न देतील.

झाडीपट्टीकर · शुक्रवार, रात्री १०.१५

मसुदा मिळाला, काका. टाइप करून दुकानाच्या दारावर लावला आहे, ज्याला हवा त्याला प्रत फुकट.

त्या तिसऱ्या माणसाचं सांगतो. बुधवारी सकाळी बीटवाल्यांनी लिहिलेलं वाचल्यावर दुकान बंद करून मी त्याच्या घरी गेलो. ४८ तास सरायला चारेक तास उरले होते. दुसरी बकरी त्यानं पुरली नव्हती, कोठ्यातच पोत्याखाली झाकून ठेवली होती, वास सुटलेला. काडेपेटी ठेवून पगमार्कचा फोटो काढला. कूड जिथं वाकवला तिथं कुडाच्या काडीला पिवळे केस अडकलेले होते, त्याचाही काढला. नेलेल्या बकरीचं शव नव्हतं, म्हणून ती ओढत नेल्याच्या घासटीचा फोटो घेतला, नाल्यापर्यंत गेलेली, आणि नाल्यात शिंगांसकट डोकं सापडलं. अर्ज दोन प्रतींत लिहिला. ऑफिसातल्या माणसानं आधी "ठेवून जा" म्हटलं. आम्ही बसून राहिलो. पाऊण तासानं सही मिळाली.

डॉक्टर काल येऊन गेले. एकीचे ९,००० आणि दुसरीचे, ती गाभण होती, १२,००० लिहिले. मालक समोर उभा होता.

पोचपावती मी लॅमिनेट करून दिली. दोरी अजून माझ्या काउंटरवरच आहे, तो न्यायला विसरला. उद्या त्याच्याकडं जाणारच आहे, कोठ्याला जाळी कुठून आणायची ते पाहायला. या बाजूला लोखंडी जाळी स्वस्त कुठं मिळते, कुणाला माहीत असेल तर लिहा. १२ बाय १० चा कोठा आहे आणि आत अजून तीन बकऱ्या आहेत.